इंजिनाची गाळणी : किमतीची की कामाची?

बेळगावच्या परिसरात पिकलेली भाजी गोव्याच्या बाजारपेठांत पोहोचते ती बहुतांशी रात्रीच्या प्रवासाने. कोबी, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर यांनी काठोकाठ भरलेल्या लहान मालमोटारी, ज्यांना आता लहानथोर सारे 'पिकअप' याच नावाने ओळखतात, जांबोटी आणि कणकुंबी मागे टाकून चोर्ल्याचा घाट उतरतात व उजाडते न उजाडते तोच साखळी, म्हापसा, पणजी गाठतात. सकाळी पिशवी घेऊन निघालेल्या गृहिणीला दिसते ती ताजी भाजी. ती आणणाऱ्या इंजिनाने रात्रभर काय सोसले याची तिला कल्पना नसते, आणि असण्याचे कारणही नाही. परंतु ती गाडी ज्याच्या नावावर आहे, दरमहा कर्जाचा हप्ता ज्याला भरावयाचा आहे आणि गाडी चार दिवस उभी राहिली तर ज्याच्या घरची चूल मंदावते, त्या चालक-मालकाला ती कल्पना असावीच लागते.

तेल बदलण्याचे दिवस भरले म्हणजे असा चालक सुट्या भागांच्या दुकानी जातो. दुकानदार फळीवर दोन ऑइल फिल्टर ठेवतो. दोन्ही सारख्याच उंचीचे, सारख्याच घेराचे. एकाची किंमत मात्र दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. "मामा, ह्या दोहोंत फरक काय?" या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर मिळते : "एक स्वस्त आहे, एक चांगला आहे." हे उत्तर अपुरे आहे. स्वस्त वस्तू वाईटच असते असे नाही आणि महाग वस्तू आपल्या गाडीला योग्यच असते असेही नाही. कापड हाताने चाचपता येते, तांदूळ दाताखाली धरून पाहता येतो. फिल्टरचे गुणदोष मात्र पत्र्याच्या डब्यात बंद असतात. त्यामुळे त्याचे काम समजून घेतल्यावाचून त्याची पारख होत नाही.

इंजिनाच्या तळाशी तेलाचे एक भांडे असते. गॅरेजमध्ये त्याला चेंबर म्हणतात. पंप तेथील तेल उचलतो आणि फिल्टरमधून पुढे ढकलतो. गाळलेले तेल क्रँकशाफ्टची बेअरिंगे, कॅमशाफ्ट, टर्बोचार्जर अशा ठिकाणी पोहोचते आणि आपले काम करून पुन्हा चेंबरमध्ये ओघळते. इंजिनात सहा लिटर तेल असेल आणि पंप मिनिटाला तीस लिटर ढकलीत असेल, तर सगळे तेल एका मिनिटात पाच फेऱ्या करते. या फेऱ्यांत ते तीन प्रकारची घाण गोळा करते : हवेबरोबर आत शिरलेली धूळ, झिजलेल्या धातूचा चुरा आणि डिझेल जळताना उत्पन्न होणारी काजळी. या तिघींत धूळ सर्वांत दुष्ट. रस्त्यावरील धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. असा कण बेअरिंगच्या मऊ धातूत रुतून बसतो आणि फिरणाऱ्या शाफ्टवर ओरखडे काढीत राहतो.

हे कण किती लहान असतात, याचे माप मायक्रॉन या एककात सांगतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः सत्तर मायक्रॉन असते आणि सुमारे चाळीस मायक्रॉनांहून लहान कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. चालू इंजिनाच्या बेअरिंगमधील तेलाचा थर मात्र काही मायक्रॉनांपासून वीसेक मायक्रॉनांपर्यंतच असतो. दाराखालच्या फटीचे उदाहरण घेतले म्हणजे याचा अर्थ ध्यानात येईल. फटीपेक्षा बारीक रेती दाराला अडत नाही आणि फटीपेक्षा मोठा खडा खाली शिरत नाही. नेमका फटीएवढा खडा शिरला की दार उघडताना फरशीवर चरा उठतो. इंजिनाचेही तसेच आहे. डोळ्यांना न दिसणारे, दहा ते वीस मायक्रॉनांच्या आसपासचे कण हेच त्याचे खरे वैरी होत.

यासंबंधी अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी केलेला एक अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला व तो आजही आधारभूत मानला जातो. चाळीस मायक्रॉनांपर्यंत गाळणाऱ्या फिल्टरशी तुलना करता, तीस मायक्रॉनांपर्यंत गाळणाऱ्या फिल्टरने इंजिनाची झीज निम्म्याने कमी झाली. पंधरा मायक्रॉनांपर्यंत गाळले तेव्हा ती 70 टक्क्यांनी घटली. प्रयोगशाळेत झीज मुद्दाम लवकर घडवून आणतात. तेव्हा रस्त्यावर नेमका हाच आकडा मिळेल असे नव्हे. परंतु गाळणी जितकी बारीक तितकी झीज कमी, ही दिशा त्यातून स्पष्ट झाली. फिल्टरची तुलना ही केवळ हौसेची बाब नाही, हे एवढ्यावरूनच पटावे.

आश्चर्य असे की मोटारीच्या आरंभीच्या काळात ही गाळणी नव्हतीच. फोर्ड कंपनीने 1925 साली आपल्या 'मॉडेल टी' गाडीला कारखान्यातच मालाचा हौदा बसवून ती पिकअप म्हणून विकावयास काढली. त्या इंजिनात तेलाचा पंपदेखील नव्हता. फिरत्या भागांनी उडवलेल्या तेलावरच त्याचे वंगण होत असे. अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्ग यांनी मोटारीच्या तेलाचा फिल्टर सिद्ध केला तो 1923 साली. 'प्युअर ऑइल लेटर', म्हणजे 'पुढे शुद्ध तेल', या शब्दांवरून त्यांनी त्याचे 'प्युरोलेटर' हे नाव घडविले. पुढच्याच वर्षी क्रायस्लरच्या गाडीत तो मूळचाच बसविलेला होता. या आरंभीच्या फिल्टरांतून तेलाचा थोडाच अंश प्रत्येक फेरीत जाई. बाकीचे न गाळताच पुढे वाहे. कालांतराने सगळे तेल फिल्टरमधून नेण्याची पद्धत रूढ झाली आणि 1950 नंतरच्या दशकात आजचा आट्यांवर फिरवून बसवावयाचा डबा आला. अलीकडच्या कित्येक इंजिनांत घर कायमचे असते आणि आतील कागदी भाग तेवढा बदलतात. रूप कोणतेही असो, आतील तत्त्व एकच आहे.

ते तत्त्व म्हणजे घड्या घातलेला एक खास कागद. त्याला सामान्य चाळणीप्रमाणे एकसारखी भोके नसतात. करवंदीच्या जाळीसारखा तो तंतूंचा गुंता असतो. जाळीत शिरलेला प्राणी कोठे अडकेल आणि कोठून निसटेल याचा नेम नसतो. तद्वत् एकाच आकाराचे काही कण कागदात अडकतात, काही निसटतात. म्हणूनच 'हा फिल्टर वीस मायक्रॉनांचा आहे' हे विधान अर्धवट ठरते. वीस मायक्रॉनांच्या शंभर कणांपैकी किती कण तो अडवितो, हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. एक निर्माता पन्नास अडविणाऱ्यालाही 'वीस मायक्रॉन' म्हणतो, दुसरा नव्व्याण्णव अडविल्यावाचून तसे म्हणत नाही. दोन्ही डब्यांवर आकडा तोच, पण एकातून शंभरांतील पन्नास कण सुटतात आणि दुसऱ्यातून केवळ एक. ग्राहकाची फसगत नेमकी येथे होते.

या गोंधळाला आळा घालण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, एक चाचणी ठरवून दिली आहे. तिचा क्रमांक 4548, भाग 12. तीत तेलात ठरावीक प्रकारची धूळ सतत मिसळीत राहतात, ते तेल फिल्टरमधून पुन्हापुन्हा फिरवितात आणि फिल्टरच्या आधी व नंतर निरनिराळ्या आकारांचे किती कण आहेत ते मोजतात. ही धूळ अमेरिकेतील अॅरिझोना प्रांताच्या वाळवंटी मातीपासून तयार केलेली असते, जेणेकरून सर्व प्रयोगशाळांतील माप एकच राहावे. काही निर्माते या चाचणीचा निकाल 'बीटा' या गुणोत्तराने सांगतात. त्याचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल इतका सोपा आहे : आत गेलेल्या कणांची संख्या भागिले बाहेर पडलेल्या कणांची संख्या. शंभर कण गेले आणि पन्नास सुटले तर बीटा दोन. पाच सुटले तर वीस. एकच सुटला तर शंभर. म्हणून 95 टक्के आणि 99 टक्के या आकड्यांत केवळ चारचा फरक आहे असे समजू नये. सुटणाऱ्या कणांकडे पाहिले तर तो फरक पाचपटीचा आहे.

येथे कोणी शंका घेईल की, तेल जर मिनिटाला पाच वेळा फिरते, तर या फेरीत निसटलेला कण पुढच्या फेरीत सापडेलच. सापडेल, हे खरे. परंतु मधल्या काळात तो बेअरिंगमधून एकदा जाऊन आलेला असतो, आणि तेवढ्यात त्याला आपला ओरखडा काढता येतो.

मग सर्वांत बारीक कागदाचा फिल्टर घेतला की काम झाले काय? तसेही नाही. स्वयंपाकघरात रव्याची चाळण निराळी आणि मैद्याची निराळी असते. मैद्याच्या चाळणीतून पीठ बारीक पडते, पण सावकाश पडते आणि चाळण लवकर भरते. इंजिनाला सावकाशी परवडत नाही. बेअरिंगला क्षणभरही तेल न मिळणे हे किंचित मळके तेल मिळण्यापेक्षा किती तरी अधिक घातक आहे. म्हणजे चांगल्या फिल्टरने एकाच वेळी तीन गोष्टी साधावयाच्या असतात : कण अडविणे, अडविलेली घाण बदलीच्या दिवसापर्यंत साठविणे आणि तेलाची वाट मोकळी ठेवणे. पहिली वाढवावी तर उरलेल्या दोहोंना धक्का लागतो. दोन फिल्टरांची तुलना म्हणजे या तिन्हींचा मेळ कोणी अधिक चांगला घातला आहे, ते पाहणे होय.

हा मेळ घालण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे कागदाचे क्षेत्रफळ वाढविणे. समजा, एका फिल्टरमध्ये कागदाच्या पन्नास घड्या आहेत. प्रत्येक घडी आठ सेंटिमीटर उंच आणि दीड सेंटिमीटर खोल. घडीला दोन बाजू असल्यामुळे एका घडीचे क्षेत्रफळ चोवीस चौरस सेंटिमीटर आणि पन्नास घड्यांचे बाराशे झाले. दुसऱ्या निर्मात्याने बाहेरचा डबा तेवढाच ठेवून आत चाळीसच घड्या घातल्या, तर क्षेत्रफळ नऊशे साठ उरते, म्हणजे पंचमांश कागद वाचविला. बाहेरून काहीच कळत नाही. तो फिल्टर केवळ थोडा लवकर तुंबतो. अर्थात घड्या दाटीवाटीने कोंबल्या तर त्यांच्यामध्ये तेलालाच जागा राहत नाही. तेव्हा घड्या पुरेशाही हव्यात आणि सारख्या अंतरावरही.

कागदाच्या जातीतही भेद आहे. साधा कागद लाकडाच्या लगद्याचा असून त्यावर राळेचा संस्कार केलेला असतो. तो स्वस्त आहे आणि नेमून दिलेल्या मुदतीपर्यंत आपले काम प्रामाणिकपणे करतो. महागड्या फिल्टरांत काचेचे अथवा कृत्रिम धागे मिसळलेले किंवा निव्वळ त्यांचेच माध्यम असते. हे धागे फार बारीक आणि एकसारखे असल्यामुळे लहान कण अडवूनही तेलाला वाट अधिक मिळते, शिवाय पाणी आणि उष्णता यांनी ते सहसा खराब होत नाहीत. ज्या गाड्यांत तेल बदलण्याची मुदत लांबची असते, तेथे या माध्यमाचे पैसे वसूल होतात. परंतु जो मालक साधा फिल्टरच वेळेवर, तेलाबरोबर प्रत्येक वेळी बदलतो, त्याने केवळ नावासाठी अधिक पैसे मोजणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड करणे होय.

कागदाइतकेच महत्त्व डब्यातील दोन लहान झडपांना आहे, आणि स्वस्ताईची कात्री बहुधा त्यांच्यावरच चालते. पहिली बायपास झडप. थंडीच्या पहाटे तेल घट्ट असते, किंवा कागद घाणीने तुंबलेला असतो. अशा वेळी तेलाला कागदातून वाट मिळत नाही. तेव्हा ही झडप आपल्या स्प्रिंगच्या बेताने उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाऊ देते. उपाशी राहण्यापेक्षा मळके खाल्लेले बरे, असा हा व्यवहार आहे. ही स्प्रिंग नरम असली तर झडप वारंवार उघडून गाळण्याचे कामच निष्फळ होते; फार कडक असली तर घड्या दबून फाटतात. प्रत्येक इंजिनाच्या रचनेप्रमाणे हा दाब ठरविलेला असतो. काही इंजिनांत ही झडप इंजिनाच्या अंगातच असल्यामुळे त्यांच्या फिल्टरमध्ये ती मुळातच ठेवलेली नसते.

दुसरी झडप म्हणजे एक रबरी पडदी. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधील तेल मागे गळून जाऊ नये, म्हणून ती असते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसविलेला असेल तर तिची गरज विशेष. ती निकामी झाली की रात्रभरात डबा रिकामा होतो, आणि सकाळी किल्ली फिरविल्यावर तो पुन्हा भरेपर्यंत इंजिन काही क्षण कोरडेच फिरते. पहाटे इंजिन सुरू होताच येणारा आणि लगेच विरणारा खडखडाट कित्येकदा याच कारणाने होतो. ही पडदी साध्या रबराची असेल तर सततच्या उष्णतेने ती कडक होत जाते; सिलिकोनची असेल तर पुष्कळ काळ मऊ राहते. नव्या फिल्टरच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रांतून ती पाहता येते. सिलिकोनची पडदी बहुधा नारिंगी किंवा तांबूस असते व साध्या रबराची काळी. रंग हा पक्का पुरावा नव्हे, पण खूण म्हणून उपयोगी पडतो.

आता एक धोक्याची सूचना. 'आटे बसतात ना, मग चालेल' हा गॅरेजमधील समज चुकीचा आहे. आट्यांचे माप आणि रबरी कड्याचा घेर जुळूनही आतील झडपेचा दाब निराळा असू शकतो. ज्या इंजिनाला झडपेचा फिल्टर हवा त्याला बिनझडपेचा बसविला, तर तो तुंबल्या दिवशी तेलाचा दुसरा मार्गच उरत नाही. म्हणून तुलना करावयाची ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाशी जुळणाऱ्या फिल्टरांतच. भारत स्टेज सहाचे प्रदूषण-नियम 1 एप्रिल 2020 पासून लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल पिकअपांना तेलही विशिष्ट प्रतीचे लागते. तेव्हा जुन्या गाडीवरून नव्या गाडीचा अंदाज बांधू नये.

गाडी बनविणाऱ्या कंपन्या बहुधा स्वतः फिल्टर बनवीत नाहीत. त्या आपले माप आणि अटी देऊन तो फिल्टर-कारखान्यांकडून करवून घेतात. अशा नामांकित कारखान्याने त्याच गाडीसाठी आपल्या नावाने विकलेला फिल्टर अनेकदा स्वस्त असतो आणि उत्तम काम देतो. खरी भीती या दोहोंची नाही. ती आहे हुबेहूब वेष्टनातल्या बनावट मालाची. त्यात घड्या थोड्या, कागद हलका, सांधा नीट न चिकटविलेला, आणि झडप कधीकधी केवळ नावापुरती. सांधा सुटलेल्या फिल्टरमधून तेल झपाट्याने वाहते. पण ते गाळले जात नाही. म्हणून ओळखीच्या विक्रेत्याकडून पक्के बिल घ्यावे, छपाई आणि सुरक्षा-खूण पाहावी, आणि बाजारभावापेक्षा अगदीच कमी किंमत कोणी सांगितली तर आनंद मानण्याऐवजी संशय घ्यावा.

फिल्टरच्या माथी एक दोष विनाकारण मारला जातो, त्याचाही उलगडा येथे केला पाहिजे. तेल बदलून थोडे दिवस झाले नाहीत तोच काळे पडले की, "फिल्टर खोटा निघाला" असे म्हटले जाते. वस्तुतः डिझेलच्या काजळीचे कण बहुतेक एका मायक्रॉनाहूनही लहान असतात. कोणताही साधा फिल्टर ते अडवू शकत नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही नसते. ते कण एकमेकांना चिकटून गोळे होऊ नयेत म्हणून तेलातच विशिष्ट द्रव्ये मिसळलेली असतात. काळे झालेले तेल म्हणजे आपले कर्तव्य करणारे तेल होय. मात्र ही द्रव्ये कालांतराने संपतात. तेलात मिसळलेले डिझेल, पाण्याचा अंश आणि तयार झालेली आम्ले यांनाही फिल्टर काढू शकत नाही. म्हणूनच कितीही भारी फिल्टर लावला तरी तेल बदलणे टळत नाही. आणि तेल नवे घालून फिल्टर जुनाच ठेवणे ही तर स्वच्छ पाणी मळक्या फडक्यातून गाळण्याची रीत झाली. हवेच्या फिल्टरचेही असेच आहे. त्याला चीर असेल तर धूळ थेट इंजिनात शिरते. दारातून येणारा चोर न अडविता तिजोरीलाच कुलुपे लावण्यात काय हशील?

फिल्टर बदलावयाचा तो कंपनीने नेमून दिलेल्या मुदतीत. घाटाची चढण, पूर्ण बोजा, उन्हाळ्यातील धूळ, थोड्या थोड्या अंतरावर थांबणे, या गोष्टी पुस्तिकांत 'कठीण परिस्थिती' म्हणून सांगितलेल्या असतात आणि त्यासाठी मुदत कमी करावयास सुचविलेले असते. भाजीची वाहतूक करणारा पिकअप बहुधा याच वर्गात मोडतो. याउलट, उगाच निम्म्या मुदतीत फिल्टर फेकण्यातही लाभ नाही. थोडी घाण साचल्यावर कागद अधिकच बारीक गाळू लागतो. हानी होते ती मुदत उलटल्यावर. कागद तुंबतो, बायपास झडप उघडी राहते आणि चालकाच्या नकळत इंजिन न गाळलेल्या तेलावर धावू लागते. तेलाच्या दाबाचा दिवा त्या वेळी बहुधा पेटत नाही, कारण दाब असतो. नसते ती शुद्धता. पुढे इंजिनाचे काम काढावे लागले म्हणजे मग फिल्टरची आठवण होते. बैल गेला अन् झोपा केला, अशी ती गत.

बसविण्याची रीत थोडक्यात अशी. जुना फिल्टर काढल्यावर त्याचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले नाही ना, हे हाताने तपासावे. त्यावर नवे बसविले तर दोन कडी एकावर एक येतात, दाबाने तेल बाहेर फेकले जाते आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होते. नव्या कड्याला तेलाचे बोट लावावे. कडे टेकल्यानंतर हाताने पाऊण ते एक फेरा आवळावे; पान्याने पिळू नये. फिल्टर आधी तेलाने भरावयाचा असेल तर कडेच्या बारीक छिद्रांतून भरावा, मधल्या मोठ्या भोकातून नव्हे, कारण ती गाळलेल्या तेलाची बाजू आहे. इंजिन सुरू करून दाबाचा दिवा विझला की गळती पाहावी, नंतर इंजिन बंद करून डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहावी.

उतरविलेला फिल्टरही पुष्कळ सांगून जातो. मिस्त्रीकडे फिल्टर कापण्याचे हत्यार असेल तर एखादे वेळी तो उघडून घ्यावा. करवतीने कापल्यास तिचाच कीस आत पडून दिशाभूल होते. घड्या सारख्या आहेत काय, सांधा पक्का आहे काय, रबरी पडदी अद्याप मऊ आहे काय, हे एका दृष्टिक्षेपात कळते. घड्यांत चकाकणारा कीस दिसला तर लोहचुंबक फिरवावा. चिकटला तर तो लोखंडाचा, आणि तांबूस पिवळा असून चिकटला नाही तर बेअरिंगचा असण्याचा संभव आहे. असा कीस दिसताच इंजिन तपासून घ्यावे. दोन निर्मात्यांचे फिल्टर लागोपाठ वापरून अशा रीतीने उघडून पाहणारा मालक कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक शिकतो. त्यानंतर फिल्टर रात्रभर निथळू द्यावा आणि जमलेले तेल अधिकृत संकलकाकडे द्यावे. वापरलेले तेल कायद्यानेही घातक कचऱ्यात मोडते. ते घाटातल्या ओहोळात ओतले तर पावसाबरोबर म्हादईच्या पाण्याला मिळते, आणि तेच पाणी पुढे गोव्यातील घरोघरी जाते.

आता दुकानाच्या फळीवरील त्या दोन डब्यांकडे पुन्हा पाहता येईल. प्रथम क्रमांक जुळतो काय, ते पाहावे. मग माल अस्सल आहे काय याची खात्री करावी. त्यानंतर किती मायक्रॉनांना किती टक्के, हे निर्मात्याने सांगितले आहे काय ते शोधावे, आणि पडदी कशाची आहे ते पाहावे. किंमत विचारावी ती सर्वांत शेवटी. या कसोट्यांत स्वस्त डबा उतरला तर तो खुशाल घ्यावा आणि वेळेवर बदलावा. न उतरला तर वाचलेल्या दोनशे रुपयांचा मोह सोडावा. कारण ते दोनशे रुपये घाटाच्या मध्यावर, मध्यरात्री, भाजीने भरलेल्या गाडीजवळ उभे राहून परत करावे लागतात, आणि तेव्हा हिशेब शेकड्यांत राहत नाही.